काळी तीन वाजत नव्हती तेव्हा

मित्रांनो, आज माझ्या सगळ्याच्या सगळ्या एकसष्ट पट्ट्या वाजतात. मधली बरीच वर्षं मात्र साठच वाजत होत्या. मी एक जुना कीबोर्ड आहे, आणि माझ्या आयुष्यात सांगण्याजोगं जे काही घडलं, ते त्या साठ पट्ट्यांच्या काळातच घडलं. ती एक पट्टी रुसली नसती, तर मीही इतर कीबोर्डांसारखा चार गाणी वाजवून कुठल्यातरी पलंगाखाली गेलो असतो आणि तुमचा वेळ वाचला असता.

माझा जन्म कारखान्यात झाला. लांबलचक टेबलांपाशी बसलेल्या बायकांनी गप्पा मारत मारत माझे स्क्रू पिळले. शेवटी एका यंत्राने माझी प्रत्येक पट्टी दाबून पाहिली आणि माझ्या पोटावर 'पास' असं लिहिलेला गोल कागद चिकटवला. त्यानंतर मला इतक्या सहज कोणी पास केलेलं नाही. माझ्या आत शंभर आवाज आहेत. पियानो आहे, बासरी आहे, घोड्याच्या टापा आहेत, पाऊस आहे, आणि शंभराव्या क्रमांकावर टाळ्या आहेत. टाळ्यांचा आवाज पोटातच असल्यामुळे बाहेरच्या टाळ्यांचं मला कधी फारसं अप्रूप वाटलं नाही. पुढे ऐकताना माझा स्वभाव तुम्हाला जरा कोरडा वाटला, तर त्याचं कारण हेच आहे असं समजा.

पहिल्या घरी मला एका मुलीसाठी आणलं होतं. तिला माझ्यापेक्षा सायकल जास्त आवडायची. त्यात तिची काही चूक नव्हती, सायकलवरून कुठेतरी जाता येतं. मी आधी सोफ्यामागे उभा राहिलो, मग पलंगाखाली आडवा झालो, आणि तिथून एके दिवशी जुन्याच्या भावात वहिनीच्या घरी आलो.

ती माझी कोणी वहिनी नाही. तिचा दीर तिला वहिनी म्हणतो, त्याचं ऐकून बँडमधले सगळे म्हणायला लागले, म्हणून मीही म्हणतो. वहिनी दिवसा चष्म्याच्या दुकानात असते. काचा घासते, फ्रेमचे स्क्रू आवळते, माणसांना खुर्चीत बसवून समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचायला लावते. संध्याकाळी ती संगीत रचते. दुसऱ्यांची गाणी बसवत नाही, स्वतःचं रचते. कोणी शिकवलं म्हणून नाही, कोणी मागितलं म्हणून तर नाहीच.

त्यांचं घर दोन खोल्यांचं. मला ठेवायला जागा नाही, म्हणून माझा मुक्काम कपाटावर. वहिनी उंचीने बेताची आणि तिचा उजवा खांदा दुखरा, त्यामुळे मला खाली काढायचं काम तिच्या नवऱ्याचं, म्हणजे दादाचं. जेवणं झाली की दादा टेबल पुसायचा, त्यावर जुनी चादर घालायचा आणि मला उतरवून ठेवायचा. मग वहिनी वाजवायला बसायची आणि दादा पलीकडे ओट्यापाशी भांडी घासायला उभा राहायचा. या क्रमात कधी बदल झाला नाही. दादा घरी नसला की मी कपाटावर, इतकं ते सरळ होतं.

दादा रंगारी आहे. लोकांच्या भिंती रंगवतो. त्याच्या वरच्या पुढच्या दोन दातांमध्ये चांगली फट होती आणि त्या फटीतून तो शीळ घालायचा. ओठांची शीळ त्याला यायची नाही. आणखी एक तऱ्हा म्हणजे हात रिकामे असले की त्याची शीळ बंद. हातात ब्रश हवा, फडकं हवं, नाहीतर खरकटी कढई हवी. समोर बसवून 'घाल बघू शीळ' म्हटलं, तर तो नुसता फुंकर मारायचा.

आता वहिनीच्या संगीताबद्दल. ते नक्की काय आहे हे मला आजही सांगता येत नाही. एका रचनेत तिचा डावा हात एका मोजणीत चालतो आणि उजवा दुसऱ्याच मोजणीत, आणि दोघे रस्ता चुकल्यासारखे फिरून बरोबर एका जागी भेटतात. दुसरी अशी की ऐकणारा जिना उतरेपर्यंत ती गुणगुणायला लागतो. तिसरीत तर एखादा राग सुरू झालाय म्हणून आपण सावरून बसावं, आणि तेवढ्यात सॅक्सोफोन येऊन त्या रागाच्या खांद्यावर हात टाकतो. लोक तिला विचारायचे, हे जॅझ आहे, पॉप आहे की फ्यूजन. ती म्हणायची, "सोमवारी सुचलं तर जॅझ, सुट्टीच्या दिवशी सुचलं तर पॉप. आणि सुचायला लागल्यावर कुकरची शिट्टी झाली तर फ्यूजन."

बँड चौघांचा होता असं मी म्हणतो, कारण मी स्वतःलाही धरतो. वहिनी, मी, ड्रम वाजवणारा धाकटा आणि सॅक्सोफोन वाजवणारे दातवाले. धाकटा म्हणजे दादाचा भाऊ. तो टायरच्या दुकानात काम करायचा आणि प्रत्येक वस्तूवर आधी दोन थापा मारून बघायचा. दातवाले म्हणजे दातांचे डॉक्टर. सराव त्यांच्याच दवाखान्यात, बाहेरच्या खोलीत, पेशंट गेल्यावर. मला तिथे नेण्या-आणण्याचं काम दादाचं. तो बाकावर बसून नखांतला वाळलेला रंग काढत ऐकायचा.

काही वर्षं हा बँड एका हॉटेलात वाजवायचा. लोक जेवत असत आणि आम्ही त्यांच्या ओळखीची गाणी वाजवत असू. एका संध्याकाळी वहिनीने मध्येच स्वतःची एक रचना घातली. तिच्या दुकानातल्या तक्त्यावरून तिला ती सुचली होती. त्या तक्त्याची सगळ्यात खालची ओळ बहुतेकांना दिसत नाही, तरी माणसं ती धडाधड वाचून दाखवतात. बाकावर नंबर लागायची वाट बघताना ती त्यांनी पाठ केलेली असते. वहिनी म्हणायची, दिसत नाही हे सांगायची माणसाला लाज वाटते. त्या रचनेचं नाव तिने 'खालची ओळ' ठेवलं होतं. संथ चाल होती. प्रत्येक ओळ हळूहळू उतरत एका सुरावर येऊन टेकायची आणि तिथे बाकी सगळे थांबायचे. तो सूर एकटा उभा राहायचा, चार मात्रा.

हॉटेलचा मॅनेजर जवळ आला. "छान आहे. कोणाचं आहे?"

"माझं," वहिनी म्हणाली.

"तसं नाही. म्हणजे मूळ कोणाचं?"

"मूळ माझंच आहे."

"मग घरी वाजवा की," तो म्हणाला, अगदी सभ्यपणे. "इथे लोकांना ओळखीचं द्या. अनोळखी संगीताने माणसं जेवण थांबवून बघायला लागतात."

त्या दिवशी घरी आल्यावर वहिनीने माझं झाकण लावलं, ते जरा जोरातच लावलं. दादाला म्हणाली, "हॉटेल बंद. आता घरी वाजवीन, दवाखान्यात वाजवीन. हा कीबोर्ड चालतोय तोवर. हा बिघडला की मी हा विषयच सोडून देणार. नवीन आणायचा नाही, दुरुस्तीला न्यायचा नाही. चष्मे बरे."

दादाने मला उचलून कपाटावर ठेवलं. पण ते वाक्य त्याने कुठेतरी नीट घडी घालून ठेवलं असणार, हे मला पुढे कळलं.

मित्रांनो, प्रत्येक पट्टीच्या खाली एक लहानसं रबरी बटण असतं. पट्टी दाबली की ते दबतं आणि आवाज होतो. माझ्या मधल्या सप्तकातल्या तिसऱ्या काळ्या पट्टीखालचं बटण हळूहळू फाटत गेलं. वाजवणारे तिला काळी तीन म्हणतात. आधी हलक्या हाताला ती बोलेनाशी झाली, मग जोराच्या हाताला, आणि मग कायमचीच गप्प झाली. 'खालची ओळ' जिथे येऊन टेकते, तो सूर नेमका काळी तीनचा.

हे पहिल्यांदा लक्षात आलं दादाच्या. सुट्टीच्या दिवशी तो माझ्यावरची धूळ पुसत होता आणि मी चालू होतो. फडकं एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेलं, सगळ्या पट्ट्या ओळीने बोलल्या, एक बोलली नाही. त्याने ती बोटाने दाबली. पुन्हा दाबली. मग वहिनी आंघोळीला गेली आहे ना, हे त्याने मान वळवून पाहिलं. दुसऱ्या दिवशी 'हा टेबलावर हलतोय, याच्या तळाचा एक पाय दाखवून आणतो' असं काहीतरी सांगून तो मला दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेला. दुरुस्तीवाल्याने मला उघडून पाहिलं आणि सांगितलं की या मॉडेलचं रबर आता येत नाही, नवीन घ्या.

दादाने मला घरी आणलं. त्या संध्याकाळी जेवणं झाली, टेबल पुसलं, चादर घातली, मी खाली उतरलो. वहिनीने 'खालची ओळ' सुरू केली. पहिली ओळ उतरत आली, तिने काळी तीन दाबली, मी गप्प. आणि त्याच क्षणी, खरं तर त्याहून किंचित उशिरा, ओट्यापाशी घासत असलेल्या पातेल्यावरून तो सूर आला. अगदी तोच, काळी तीनचा, दातांच्या फटीतून आलेला. वहिनी पुढच्या ओळीकडे गेली.

तुम्ही म्हणाल, तिला कळलं कसं नाही. मलाही तसंच वाटायचं. पण दादा त्या सुरावर पहिल्यापासून शीळ मिसळत आलेला होता. वहिनीच्या कानाला सवय होती की माझा सूर आणि त्याची शीळ मिळून ती जागा भरते. त्यातला एक कधी गेला हे तिच्या ध्यानात आलं नाही. बाकीच्या रचनांत काळी तीन जाता-येता लागायची, तिथे दातवाल्यांचा सॅक्सोफोन असा काही भरून यायचा की दहा पट्ट्या गेल्या असत्या तरी पत्ता लागला नसता. दवाखान्यातही दादा नखं कोरत कोरत शीळ घालायचाच. धाकट्याला आणि दातवाल्यांना वाटायचं की वहिनीनेच तिथे मुद्दाम थांबा ठेवलाय आणि शीळ बसवलीय. दातवाले तर एकदा म्हणाले, "वहिनी, पियानो थांबवून शीळ आणायची, हे सुचायला डोकं लागतं." वहिनीला वाटलं, ते मस्करी करताहेत.

असं बरीच वर्षं चाललं. मी बिघडलेला होतो, आणि घरातला एकच माणूस ते जाणत होता.

मग ध्वनिमुद्रक आला. म्हणजे चष्म्याच्या दुकानात आला, डोळे तपासायला. त्याचा स्वतःचा स्टुडिओ होता आणि मशीनवरचे बारीक आकडे त्याला दिसेनासे झाले होते. वहिनीने त्याला खालची ओळ वाचायला सांगितली, तर तो सरळ म्हणाला, "दिसत नाही." असा खरं बोलणारा माणूस तिला बऱ्याच दिवसांत भेटला नव्हता. बोलता बोलता संगीताचा विषय निघाला. शेवटी तो म्हणाला, "गुरुवारी माझ्याकडे कोणी नसतं. पूर्ण दिवस घ्या. तुमचं सगळं एकदा नीट मुद्रित करू, तुमच्या नावाने."

मित्रांनो, वहिनी त्या दिवशी जेवायला बसली तेव्हा तिने आमटीच घेतली नाही आणि कोरडा भात संपवून उठली. तुमच्या नावाने, हे दोन शब्द तिने दादाला तीनदा सांगितले.

आणि त्याच आठवड्यात दादाचा दात दुखायला लागला. पुढचा, वरचा, फटीच्या डावीकडचा. गाल टरारून फुगला. तो गेला दातवाल्यांकडे, आणखी कुठे जाणार. दातवाल्यांनी पाहिलं, मान हलवली, आणि घरचंच माणूस म्हणून जास्तच काळजीपूर्वक तो दात काढून टाकला. ती शीळ याच फटीतून येते आणि आपण आपल्याच बँडमधलं एक वाद्य उपटतोय, हे त्या बिचाऱ्यांना कुठून माहीत असणार.

संध्याकाळी शेवटचा सराव होता. दादा गालावर हात ठेवून बाकावर बसला होता. 'खालची ओळ' सुरू झाली. पहिली ओळ उतरली, टेकली, आणि तिथे काहीच नव्हतं. पंख्याचा आवाज तेवढा होता.

वहिनी थांबली. "आवाज कमी झालाय का याचा?" म्हणत तिने माझं आवाजाचं बटण वर सारलं आणि पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेच.

"दादाची शीळ नाही ना, म्हणून मोकळं मोकळं वाटतंय," धाकटा म्हणाला.

"शीळ राहू दे रे. माझा सूर कुठे गेला?"

"कुठला सूर? तिथे तर तुम्ही थांबता. तिथे शीळच आहे. तुम्हीच बसवलंय ना तसं?"

वहिनीने काळी तीन एकटीच दाबली. मग अंगठ्याने दाबली. मग शेजारच्या पट्ट्या दाबून पाहिल्या, त्या बोलल्या. दातवाल्यांनी सॅक्सोफोन मांडीवर ठेवला आणि हळूच दादाकडे पाहिलं. मग वहिनीनेही पाहिलं.

"तुम्हाला माहीत होतं?"

दादाने मान हलवली.

"कधीपासून?"

"बरीच वर्फं झाली," दादा म्हणाला. तोंडात कापूस होता, पण कोणी हसलं नाही.

"मला वाटत होतं मी चालवतेय," वहिनी म्हणाली. "आणि तुम्ही मागून सायकल धरून पळत होतात. सगळ्यांना दिसत होतं, मलाच नाही." मग तिने माझी वायर काढली आणि शांतपणे गुंडाळली. "गुरुवारचं राहू दे. मी कळवते त्यांना."

मला कपाटावर ठेवायला कोणी सांगितलं नाही, म्हणून दादाने मला टेबलावरच ठेवलं. पुढचे काही दिवस ती दोघं माझ्या कडेकडेने जेवली. मीठ दे, पाणी घे, एवढंच बोलणं. दादा भांडी घासायचा, तर नळाचा आवाज यायचा आणि दुसरा कसलाच नाही. मला भावना आहेत असा माझा दावा नाही, माझ्यात शंभर आवाज आहेत आणि त्यांत रडण्याचा नाही. पण मला वाईट वाटलं. आपलं एक बटण फाटतं आणि त्यापायी एका बाईचं सगळं काम बंद पडतं, हे टेबलावर पडून बघणं सोपं नसतं.

मग एका दुपारी दुकानातली वीज गेली आणि वहिनी लवकर घरी आली. दादा कामावर होता. मी टेबलावर होतोच. इतक्या वर्षांत ती आणि मी असे दोघंच कधी नव्हतो. तिने मला चालू केलं आणि 'खालची ओळ' वाजवली. टेकायची जागा आली की ती थांबायची आणि ऐकायची. एकदा तिने तो सूर स्वतः गाऊन पाहिला, तो नीट लागला नाही. एकदा वरच्या सप्तकातली काळी तीन घेऊन पाहिली, ती कोणी दारावर टकटक करावं तशी वाटली. मग ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली. दादा आला तेव्हा ती तशीच बसलेली होती. त्याच्या कोपरांना पिवळा रंग लागलेला होता.

"मी म्हणाले होते, हा बिघडला की सोडून देईन," वहिनी म्हणाली. "ते तुम्ही मनावर घेतलंत?"

"घेतलं."

"अहो, रागात बोलले होते मी."

"तू रागात असलीस तरी लोकांचे नंबर बरोबर काढतेस. मला काय कळणार, त्यातलं कुठलं खोटं धरायचं ते."

वहिनी हसली, आणि हसता हसता रडायला लागली. दादा हातातला ब्रश कुठे ठेवावा ते न सुचून तसाच उभा राहिला.

"मला ऐकू आलं नाही, याचं वाईट वाटतंय," ती म्हणाली. "दुसऱ्यांचे डोळे तपासते मी."

"ऐकू येत होतं की. सूर होताच तिथे."

"तो तुमचा होता."

"तुझाच होता. मी फक्त आवाज देत होतो."

मग वहिनीने विचारलं, "त्यांना मी अजून काही कळवलेलं नाही. गुरुवारी याल का?"

"येईन. पण दात कुठाय?"

गुरुवारी सकाळी आम्ही आधी दवाखान्यात गेलो. दातवाल्यांना सगळी हकीकत कळली होती आणि ते फार ओशाळले होते. त्यांनी तात्पुरता दात तयार करून ठेवला होता. तो त्यांनी बसवला आणि मागे सरकून कौतुकाने पाहिलं. दात सुरेख होता. इतका सुरेख की फट बुजली होती. माणसाच्या तोंडात फट दिसली की ती बुजवायची, हा हाताला लागलेला गुण. मन लाख सांगेल, हात ऐकत नाही. दादाने शीळ घालून पाहिली तर कुकरची वाफ सुटल्यासारखा आवाज आला.

"अरे देवा," दातवाले म्हणाले. "फट ठेवायची होती, नाही का."

मग त्यांनी सॅक्सोफोन आणून खुर्चीशेजारी उभा केला. कानसीने दात जरासा घासायचे, सॅक्सोफोनवर काळी तीनचा सूर द्यायचे आणि म्हणायचे, "हं, घाला." हात रिकामे नकोत म्हणून धाकट्याने दादाच्या हातात दवाखान्याचं फडकं दिलं होतं. दादा खुर्चीत आडवा पडून खुर्चीचाच हात पुसत होता आणि शीळ घालत होता. फुस्स. पुन्हा घासलं. फुस्स. पुन्हा घासलं. बाहेर एक पेशंट आला होता, तो हे सगळं दारातून पाहून हळूच निघून गेला. अखेर एकदाची शीळ लागली. वाद्यं सुरात लावताना मी खूप पाहिली आहेत, दात सुरात लावताना तेवढा एकदाच पाहिला.

स्टुडिओत ध्वनिमुद्रकाने मला पाहिलं आणि सभ्यपणे एक नवा कीबोर्ड पुढे केला. काळाभोर, चकचकीत, माझ्याहून कितीतरी जास्त पट्ट्यांचा. वहिनीने त्यावर 'खालची ओळ' वाजवून पाहिली. काळी तीन स्वच्छ वाजली. सगळे माझ्याकडे न बघता एकमेकांकडे बघायला लागले. मी मनाची तयारी केली.

"सूर बरोबर आहे," वहिनी म्हणाली. "पण लवकर येतोय."

"लवकर म्हणजे? तुम्ही दाबलं की येतोय," ध्वनिमुद्रक म्हणाला.

"तेच ना. मी दाबल्यावर जरा वेळ कोणीच नसतं तिथे. मग तो येतो. ती रचना आता तशीच झालीय."

मला पुन्हा पुढे आणलं. दादाला काचेपलीकडच्या खोलीत माइकसमोर उभं केलं, आणि त्याची शीळ आटली. हातात फडकं दिलं तरी येईना, कारण फडकं उगाचच आहे हे त्याला समजत होतं. वहिनीने इकडे तिकडे पाहिलं. स्टुडिओच्या कोपऱ्यात चहा करायची लहानशी मोरी होती आणि तिथे आदल्या दिवसाचे कप तसेच पडले होते. "ते घासता का जरा?" ती दादाला म्हणाली. दादा लगेच गेला. दार उघडं ठेवलं, माइक दारापर्यंत ओढला.

"पाण्याचा आवाज येतोय," ध्वनिमुद्रक कानाला हेडफोन लावून म्हणाला.

"येऊ द्या."

आणि ते तसंच मुद्रित झालं. पहिली ओळ उतरते, मी गप्प, कपावर कप वाजतो, आणि मग तो सूर येतो. एकूण सहा रचना त्या दिवशी झाल्या. नावं लावायची वेळ आली तेव्हा वहिनीने रचना आणि कीबोर्डपुढे स्वतःचं नाव सांगितलं. शीळ, या शब्दापुढे दादाचं. ध्वनिमुद्रकाने कीबोर्डचं मॉडेल विचारलं नाही, पण ते असो.

त्या संगीताने जग काही हललं नाही. काही माणसांनी ऐकलं, काहींनी आवडल्याचं कळवलं, दोघा-तिघांनी विचारलं की ते शिट्टीसारखं वाद्य कुठे मिळतं. एका संध्याकाळी धाकटा टायरच्या दुकानातून आला तो सांगत, की शेजारच्या गॅरेजातला मेकॅनिक 'खालची ओळ' गुणगुणत होता. ते कोणाचं आहे हे त्या मेकॅनिकला माहीत होतं. वहिनीने हे ऐकून घेतलं आणि चष्मा पुसत बसली. आनंद झाला की ती चष्मा पुसते.

मग धाकट्याच्या डोक्यात एक चांगला विचार आला. माझ्याच मॉडेलचा एक मेलेला कीबोर्ड त्याने कुठल्याशा भंगारातून शोधून काढला, दुरुस्तीवाल्याला गाठलं आणि कोणाला न सांगता माझं रबर बदलून आणलं. "वहिनी, बघा तर दाबून," तो म्हणाला. काळी तीन खणखणीत वाजली. वहिनीने त्याच्या पाठीवर थाप मारली, दादा म्हणाला बरं झालं, दातवाल्यांना फोन गेला. मी पुन्हा पूर्ण झालो होतो. माझी अपेक्षा होती की मला बरं वाटेल.

त्या संध्याकाळी जेवणं झाली, टेबल पुसलं, चादर घातली. 'खालची ओळ' उतरत आली, मी वाजलो, आणि माझ्या मागोमाग ओट्यापाशी शीळही वाजली. तात्पुरत्या दाताच्या जागी आता पक्का दात बसला होता आणि त्यातून निघालेला सूर माझ्याहून केसभर वर होता. दोन्ही सूर एकमेकांवर घासले. दादा हसून म्हणाला, "आता माझं काम नाही तिथे," आणि थांबला. दुसऱ्या दिवशी त्याने शीळ घातली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. पातेलं घासल्याचा आवाज यायचा, नळ बंद केल्याचा यायचा. वहिनी वाजवायची, मी वेळेवर, बिनचूक, दाबताक्षणी वाजायचो.

मित्रांनो, अशा गोष्टींच्या शेवटी वस्तूंची निगा राखा असं सांगायची पद्धत आहे. ती राखाच. धूळ पुसा, वायर ओढून काढू नका, माझ्या अंगावर चहाचा कप ठेवू नका. बिघडलेलं दुरुस्तही जरूर करा. फक्त त्याआधी एक चौकशी करा. ती वस्तू बंद पडल्यापासून तिचं काम घरात कोण करत होतं, ते बघा, आणि त्या माणसालाही विचारा. धाकट्याने विचारलं नव्हतं. त्याचा हेतू चांगला होता, म्हणून मी त्याला काही म्हणत नाही.

पुढच्या आठवड्यातली गोष्ट. वहिनी वाजवत होती. पहिली ओळ उतरत उतरत टेकायच्या जागेपाशी आली. तिचं बोट काळी तीनवर आलं. ते मला जाणवलं, पट्टीवर टेकलेलं, उबदार, अलगद. तिने दाबलं नाही. तिथे शांतता झाली.

पुढची ओळ. पुन्हा बोट टेकलं, पुन्हा दाबलं नाही.

ओट्यापाशी नळ बंद झाला. दादा ओले हात तसेच घेऊन दारात आला.

"पुन्हा गेली वाटतं काळी तीन?"

"गेली," वहिनी म्हणाली, माझ्याकडे बघत.

"धाकट्याला सांगू?"

"नको. उगाच त्याला त्रास."

दादा जरा वेळ उभा राहिला, मग ओट्याकडे परतला. नळ सुरू झाला. मित्रांनो, मी बिघडलेलो नव्हतो. माझ्याविषयी ते साफ खोटं सांगितलं गेलं आणि तेव्हापासून रोज संध्याकाळी सांगितलं जातं. वहिनीने तिसरी ओळ उतरवत आणली, बोट टेकवलं आणि वाट पाहिली. मला वाजता येत होतं. मी गप्प बसलो.